दौलताबाद पाहून आलेला तांब्या

आधी माफी मागतो. पुढच्या मजकुरात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील आणि शब्दही अगदी साधे आहेत. मी पितळेचा, मला लिहिता येत नाही. मी सांगतो ते लिहून घेणारा लिंबाजी. तो ताडकळसचा, आणि त्याची शाळा सातवीतच सुटली. शिवाय ही गोष्ट बरीचशी त्याचीच आहे. त्यामुळे लिहिता लिहिता तो लाजून थांबतो आणि मला एकच वाक्य दोनदा सांगावं लागतं. तेवढं सांभाळून घ्या.

मी एक फिरकीचा तांब्या. परभणीच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून गोल केलं, गळ्याला आटे पाडले, आतून कल्हई केली. माझं झाकण फिरवून आवळलं की मला उलटा धरला तरी थेंब सांडत नाही. झाकणाखाली एक लहानसं फुलपात्र बसतं. प्रवासाला निघालेल्या माणसाला आणखी काय पाहिजे?

दगडाबाईच्या लग्नात मी तिच्या माहेरहून आलो. तिचा नवरा रेल्वेच्या रस्त्यावर कामाला होता, त्याच्याबरोबर मी पूर्णेपासून मनमाडपर्यंत हिंडलो. तो वारला आणि माझं हिंडणं संपलं. किती वर्षं फळीवर बसून होतो ते आठवत नाही. अंगावर हिरवे डाग आले, गळ्यात कोळ्यानं जाळं केलं.

मग एकदा शेजारच्या कुणाला तरी हैद्राबादला दवाखान्यात जायचं होतं. दगडाबाईनं मला चिंचेनं घासलं आणि दिलं. तेव्हापासून गल्लीत रिवाजच पडला. कुणी गावाला निघालं की आधी दगडाबाईकडं यायचं, मला मागायचं. ती कुणाला नाही म्हणायची नाही. तिची अट एकच. "रिकामा आणून द्यायचा न्हाई बरं का. जिथं जाल तिथलं कायतरी घालून आणा. मला कुठं जाणं होतंय आता?" त्यामुळे मी कधी नांदेडच्या बाजारातली बोरं घेऊन आलो, कधी कुणाच्या लग्नातली बुंदी. एकदा एकानं विसरून मला रिकामाच आणला, तर म्हातारीनं त्याला उंबऱ्याबाहेर उभं करून प्रवासाची सगळी हकिकत सांगायला लावली. "माल न्हाई तर गोष्ट दे," म्हणाली.

इतक्या प्रवासांत मी माणसांचं एक पाहून ठेवलं आहे. घरून भरपूर पाणी पिऊन निघालेला माणूसही एसटी सुटली की लगेच म्हणतो, "जरा तांब्या काढा."

असो. शहात्तर सालच्या फाल्गुनातली गोष्ट सांगतो.

लिंबाजी तेव्हा एकवीस वर्षांचा होता. गावात त्याच्या थोरल्या भावाची, बन्सीधरची, पिठाची गिरणी होती. तेलाच्या इंजिनावर चालणारी. लिंबाजी तीच चालवायचा. ते काम त्याला फार मानवलं होतं, कारण इंजिन चालू झालं की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, आणि कुणाशी बोलावंही लागत नाही. बाया डबे ठेवून जायच्या, हा बोटानं खूण करायचा, झालं. कधी बोलायची वेळ आलीच तर इंजिनाच्या वर ओरडावं लागायचं. त्यामुळे त्याला दोनच आवाज येत होते. एक गिरणीतला, दुसरा मुक्याचा.

सहा महिन्यांपूर्वी त्याचं लग्न झालं होतं. बायकोचं नाव सत्यशीला. पालमची, नववी शिकलेली, चटपटीत, हसरी. घर लहान, माणसं पुष्कळ. हा सकाळी गिरणीत, रात्री पिठानं पांढरा होऊन येणार, मान खाली घालून जेवणार. ती काही विचारायची, तर हा "हूं" म्हणायचा. सहा महिने "हूं."

शुक्रवारी संध्याकाळी सत्यशीला मला न्यायला आली. दौलताबादला द्राक्षाच्या मळ्यात तिच्या जावेचा, बायनाबाईचा, भाऊ नागनाथ कामाला होता. द्राक्षं आली की तो दर साली बोलावणं पाठवायचा. या खेपेला बायनाबाईनं हट्ट धरला, की नवं जोडपंच जाईल. शनिवारी जायचं, रविवारी यायचं. तेवढे दोन दिवस गिरणी बन्सीधर बघणार.

दगडाबाईनं मला फळीवरून काढलं आणि सत्यशीलेकडं बघत राहिली. "तोंड का उतरलंय गं? फिरायला निघालीस का फाशीला?"

सत्यशीला उंबऱ्यावर बसली. "आजी, माणूस वाईट न्हाई. मारत न्हाई, पीत न्हाई. पन बोलतच न्हाई वो! भिताडासंगं किती दिवस ऱ्हावं? सोमवारी बाबा न्यायला येयलेत. मी पेटी भरून ठेवलीय, समदी लुगडी घालून. एकदा गेले की मी काय परत येत न्हाई."

"त्याला सांगितलंस?"

"सांगून काय? हूं म्हणंल."

म्हातारी हसली नाही. तिनं मला पदरानं पुसलं आणि सत्यशीलेच्या हातात दिलं. "दोन दिस हायेत. तांब्या सांभाळ."

झालं! एवढी मोठी गोष्ट कळली ती मला, आणि मला तोंड असून तेव्हा बोलता येत नव्हतं. ज्याला तोंड होतं आणि बोलताही येत होतं, त्याला काहीच माहीत नव्हतं.

शनिवारी पहाटे सत्यशीलेनं एक चूक केली. माझ्यात निघताना आजवर सगळे पाणीच भरत आले. तिला वाटलं, वाटेत गरम चहा मिळाला तर किती बरं. तिनं खळखळता चहा माझ्या गळ्यापर्यंत ओतला, आणि पिशवीतल्या कपड्यांवर सांडू नये म्हणून दातओठ खाऊन फिरकी आवळली. पितळेशी ज्यांचं रोजचं नातं आहे त्यांना कळेल, पुढं काय होणार ते.

परभणीला गाडी बदलली. औरंगाबादच्या गाडीत जागा मिळाली. देवगाव फाट्यावर गाडी थांबली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. कंडक्टर ओरडला, "धा मिन्टं!" माणसं खाली उतरली. हॉटेलासमोरच्या बाकावर सत्यशीलेनं मला मांडीवर घेतलं आणि झाकण फिरवलं. हलेना. पदर गुंडाळून फिरवलं. हलेना. तिनं मला लिंबाजीपुढं केलं. त्यानं जोर लावला. आतला चहा गार होत होत झाकणाला असा ओढून बसला होता, की मला स्वतःलाच श्वास घेता येईना.

"आना हिकडं," शेजारचा एक पटकेवाला म्हणाला. त्यानं जोर केला, तोंड लाल केलं, आणि मला पुढच्याकडं दिलं. मग मी हातोहात फिरलो. शेतकरी झाला, शाळेचा मास्तर झाला, कंडक्टर झाला. ड्रायव्हरनं पाना आणला.

"आतून कुनीतरी धरून ठिवलंय वो!"

"पोरी, सासूला कोंडलंस का काय आत?"

"जुन्या पितळंला नवी सून पसंत पडली न्हाई, दुसरं काय!"

सगळे हसत होते. सत्यशीलेचे मात्र डोळे भरून आले होते. "सावकाश, आजीचा तांब्या हाय," ती परत परत म्हणत होती, पण ऐकतं कोण? शेवटी एक जाड मिशांचा पैलवान पुढं आला. त्यानं मला जमिनीवर ठेवलं, शेजारचा दगड उचलला आणि झाकणाच्या काठावर हाणला. दगड घसरून माझ्या पोटावर बसला. तो पोचा आजही आहे.

लिंबाजी बाजूला उभा होता. यावर इलाज काय, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. गिरणीत त्याची सगळी हयात अशाच अडकलेल्या गोष्टी सोडवण्यात चालली होती. त्यानं दोनदा तोंड उघडलं होतं, दोनदा मिटलं होतं. इतक्या माणसांपुढं कसं बोलावं? पैलवानानं दुसऱ्यांदा दगड उचलला. सत्यशीलेनं डोळे मिटले.

"थांबा! ठोकू नका!"

काय सांगू तुम्हाला तो आवाज! इंजिनाच्या वर काढायचा आवाज त्यानं उघड्या फाट्यावर काढला. हॉटेलातला पोऱ्या कपबशी धुता धुता थांबला. पैलवानाच्या हातातला दगड तसाच वर राहिला. सत्यशीलेनं डोळे उघडले आणि हा कोण बोलला म्हणून मागं वळून पाहिलं.

लिंबाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आता माघार घेता येत नव्हती. त्यानं मला उचललं, हॉटेलात गेला, आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यात मला गळ्यापर्यंत बसवलं. सगळी गाडी भोवती गोळा झाली. हॉटेलवाला म्हणाला, "अंघोळ घालायलाय का त्याला?"

"आतला चहा पुन्हा तापला की वढ सोडतो," लिंबाजी खाली बघत म्हणाला. "झाकनबी फुगतं. इंजिनाचा नट आसाच बसतो. जोर लावला तर आनखी बसतो. जरा ऊब द्यावी लागती."

थोड्या वेळानं त्यानं मला बाहेर काढलं, झाकणावर फडकं टाकलं आणि दोन बोटांनी फिरवलं. फुस्स! मी एवढा मोठा श्वास आयुष्यात घेतला नव्हता. माणसांनी टाळ्या वाजवल्या. पैलवान म्हणाला, "आरं, मग मगाशीच का बोलला न्हाईस? मी दगडासाठी अर्धा फाटा धुंडाळला की!"

गाडी सुटल्यावर सत्यशीलेनं फुलपात्रात चहा ओतून लिंबाजीपुढं धरला. तो अर्धा प्यायला. उरलेला तिनं घेतला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमाला बोलता येतं की."

लिंबाजी म्हणाला, "हूं." मग स्वतःच चपापला आणि म्हणाला, "म्हंजे, येतं."

ती हसू लागली. पुढचं मंठा गाव येईपर्यंत मधून मधून हसत होती.

दौलताबादला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. माझ्या उभ्या आयुष्यात मी असं गाव पाहिलं नव्हतं. वर डोंगर तासून केलेला किल्ला, खाली मांडवच्या मांडव द्राक्षांचे. मांडवाखाली शिरलं की हिरवी सावली आणि डोक्यावर घड. उंच माणसाला वाकून चालावं लागतं, नाहीतर घड कपाळावर आपटतात. नागनाथ गडगडून हसणारा माणूस होता. "या पाव्हणं! खायाचे तेवडे खा, मोजायला कुनी न्हाई. लांबच्या मुलखात ह्याची दारू करत्यात म्हनं. आमाला न्हाई तिची गरज, आमी वासावरच झुलायलोत!"

त्यानं एक घड कापून सत्यशीलेच्या ओंजळीत ठेवला. तिनं पहिलं द्राक्ष तोंडात घातलं आणि डोळेच मिटले. लिंबाजी द्राक्षाकडं बघत नव्हता. तो तिच्याकडं बघत होता. ती बघू लागली की मांडवाकडं बघत होता.

"दिसभर गिरनीत काय करता वो?" तिनं विचारलं.

आता हा "हूं" म्हणणार, असं मला वाटलं. पण त्यानं सांगायला सुरुवात केली. चाक कसं फिरवावं लागतं, इंजिन सर्दाळलं की कसं रुसतं, जात्याच्या दगडाला टाकी लावताना कानानं कसं ओळखायचं. ज्वारीचं पीठ नाकाला एक सांगतं, बाजरीचं दुसरं. सांगता सांगता त्यानं मला इंजिन केलं आणि द्राक्षाच्या वेलाचा पट्टा करून, गिरणी कशी जोडतात ते दाखवलं. नागनाथ भाकरीला बोलवायला आला आणि तसाच उलट पावली परत गेला. सत्यशीला एकेक द्राक्ष खात ऐकत होती. अख्खा घड संपला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की त्याला एकही दिलं नाही.

मला वाटलं, जिंकलं! पण घरी मागं पेटी भरलेली होती, हे मी विसरलो नव्हतो. तीही विसरली नसावी. कारण निजायच्या आधी नागनाथची बायको म्हणाली, "पुढल्या साली लेकरू घिऊन या," तेव्हा सत्यशीला पाठ फिरवून अंथरूण झटकू लागली.

रविवारी सकाळी किल्ला. मला पाण्यानं भरून लिंबाजीच्या हातात दिलं होतं. मिनार पाहिला, खंदक पाहिला. मग अंधारी आली. डोंगराच्या पोटातून वर जाणारी ती वाट. शत्रू आत शिरला तर त्याला वाट सापडू नये म्हणून केलेली. मशालवाला म्हातारा पुढं, मागं दहा-बारा माणसं. मध्यावर गेल्यावर म्हातारा म्हणाला, "आता बघा काळोख कशाला म्हंतेत," आणि मशाल घेऊन वळणापलीकडं गेला.

असला अंधार मी माझ्या स्वतःच्या पोटातही पाहिला नाही. वर वटवाघळं फडफडत होती. कुणी शिट्टी मारली, कुणी किंचाळलं. त्या गोंधळात लिंबाजी माझी कडी घट्ट धरून हळूच बोलला. तोंड दिसत नव्हतं, म्हणून बोलला.

"उद्या तू जानार. तू घरात नसलीस की मला करमायचं न्हाई. लवकर ये."

मला हे सगळं ऐकू आलं. माझ्यातलं पाणीसुद्धा हललं. मशाल परत आली. सत्यशीला खाली बघून, गालात हसत चालत होती.

वर उजेडात पोचल्यावर ती एका तोफेजवळ सावलीत बसली. वाऱ्यावर पदर उडत होता. "अवो, मघाशी अंधारात कायतरी म्हनालात. वटवाघळांनी लय कलकलाट केला. परत सांगा की."

ती खोटं बोलत होती. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं ना. तिला उजेडात ऐकायचं होतं.

लिंबाजीनं किल्ल्याकडं पाहिलं, तोफेकडं पाहिलं, शेजारून जाणाऱ्या माणसांकडं पाहिलं. मग त्यानं माझं झाकण उघडलं आणि म्हणाला, "पानी पितीस?"

तिनं पाणी घेतलं. पण मशालीच्या उजेडातसुद्धा जे हसू तिच्या तोंडावर होतं, ते आता नव्हतं.

दुपारी निघताना नागनाथनं माझ्यात काठोकाठ द्राक्षं भरली. परतीच्या वाटेवर दोघं बोलले, नाही असं नाही. गाव येतंय, गर्दी लय हाय, डोकं दुखतंय का. पण ते बोलणं प्रवासातलं होतं. दिवे लागल्यावर ताडकळसला उतरलो. सत्यशीलेनं मला तसाच दगडाबाईकडं पोचवला. म्हातारीनं द्राक्षं तोंडात टाकली, माझ्या पोच्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "तांब्याला ठेच लागली. तुझं काय?"

"काय ठरंना झालंय, आजी," सत्यशीला म्हणाली.

सोमवारी पहिल्या गाडीनं तिचे वडील सिताराम आले. "जयभीम, जयभीम" झालं. ओसरीवर सगळे बसले. बन्सीधर, बायनाबाई, शेजारची चार माणसं. दगडाबाई मला घेऊन आली होती. मला पाण्यानं भरून तिनं सत्यशीलेला दिलं. "वाटंत लागंल. आन हे बघ, तांब्या माझा हाय, तूच आनून द्यायचा." सत्यशीलेनं मान हलवली नाही. तिची पेटी दारात ठेवलेली होती.

अशा वेळी लिंबाजी गिरणीत असतो. इंजिनाचा आवाज येतो की घरच्यांना कळतं, गेला. त्या सकाळी आवाज आला नाही. सिताराम उठले, त्यांनी पेटीच्या कडीला हात घातला, आणि लिंबाजी अंगणाच्या मधोमध येऊन उभा राहिला. घसा खाकरला. आवाज हळू काढायचा त्याचा विचार असावा. पण त्याला तिसरा आवाज कुठून येणार?

"मामा! हिला खुशाल न्या! पन आठ दिसांनी म्या सोता न्यायला येनार हाय! ही घरात नसली की मला करमत न्हाई!"

परसातल्या शेळ्या दचकून उठल्या. गल्लीतल्या तीन दारांतून तीन डोकी बाहेर आली. बन्सीधरनं कपाळावर हात मारला. बायनाबाई पदरात तोंड घालून हसत सुटली. सिताराम कान चोळत म्हणाले, "पाव्हणं, मी हितंच हाय हो. पालमला न्हाई अजून पोचलो!"

सत्यशीला दारात उभी होती. वडिलांच्या हातातून तिनं पेटी घेतली आणि आत नेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती एक कापडी पिशवी घेऊन. पिशवीत दोन लुगडी मावतील, तीन नाही.

"पेटी राहिली की," सिताराम म्हणाले.

"आठ दिसांला कशाला पायजे पेटी?" ती म्हणाली.

मी तेव्हा तिच्या काखेत होतो. इतका ताठ मी दुकानात नवा होतो तेव्हाही नसेन.

आता पुढचं लिहायला लिंबाजी तयार नाही. पुरे म्हणतो. पण मी सांगणारच. मी पाहिलं आहे, आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरच्या फळीवर माझ्यासारखा एखादा जुना तांब्या असेल तर त्यालाही कधी खाली काढून गावाला न्या. त्यालाही सांगायला काहीतरी मिळेल.

तर त्या सकाळी लिंबाजी पिशवी खांद्याला लावून स्टँडवर आमच्या पुढं चालत गेला. गाडी आली. चढायला झुंबड उडाली. आजवर दुसऱ्याला वाट देऊन सगळ्यांच्या मागं राहणाऱ्या या माणसानं खिडकीतून टॉवेल टाकून दोन जागा धरल्या, आणि एका जाडजूड गृहस्थाला ठणकावून सांगितलं, "बायको येयलीय माझी, सरका." सासऱ्याला बसवलं, तिला बसवलं, मला तिच्या मांडीवर नीट ठेवलं. कंडक्टरनं घंटी मारली. लिंबाजी उतरलाच नाही. दांडीला धरून तिच्याशेजारी उभा राहिला, आणि गव्हाचं पीठ कसं ओळखायचं हे राहिलेलं सांगत राहिला. सिताराम डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन बसले.

पुढच्या फाट्यावर कंडक्टरनं त्याला हाताला धरून उतरवलं. गाडी धुरळ्यात दूर जाईपर्यंत तो तिथं उभा होता. मग, हे मला मागाहून कळलं, तीन मैल चालत परत आला, आणि त्यानं गिरणी उघडली तेव्हा दारात एकवीस डबे आणि तेवढ्याच रागावलेल्या बाया रांगेत उभ्या होत्या.